वेशीबाहेरचा तंबू

२१ मार्च २०२० च्या शनिवारी दुपारी मी पुण्याहून मोटारसायकलवर गावाकडे निघालो, तेव्हा रविवारचा जनता कर्फ्यू संपला की सोमवारी सकाळी परत फिरायचे, एवढाच हिशेब मनात होता. पाठीवरच्या सॅकमध्ये गडांवर मुक्कामाला नेतो तो दोन माणसांचा तंबू होता, कारण वाटेत एखादी रात्र डोंगरात काढावी असा बेत होता. तो घाटातच रद्द केला आणि अंधार पडायच्या आत गावच्या स्टँडवर पोचलो. आमचे गाव कऱ्हाड आणि इस्लामपूर यांच्या मधले, कृष्णाकाठचे, उसाचे. पारावर सरपंच, पोलीस पाटील आणि दूध डेअरीचे दोघे जण बसले होते. पोलीस पाटील उठून चार पावले पुढे आले, तिथेच थांबले आणि म्हणाले, "दादा, राग मानू नका. पुण्यासनं आलाय. चौदा दिवस मळ्यातच ऱ्हावा. तात्यांस्नी साखर हाय, तुम्हांला ठावंच हाय."

राग आला नाही. राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते, आणि तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, सत्तरीच्या पुढचे. मी गाडी मळ्याकडे वळवली, विहिरीजवळच्या आंब्याखाली तंबू ठोकला, आणि चौदा दिवसांसाठी म्हणून टाकलेला तो मुक्काम ३ जूनपर्यंत, म्हणजे पंचाहत्तर दिवस, हलला नाही. टाळेबंदीबद्दल पुष्कळांनी खिडकीतून पाहून लिहिले आहे. मी ती वेशीच्या बाहेरून पाहिली, आणि तिथून जे दिसले ते अजून मनातून जात नाही.

सोमवारी, २३ मार्चला, इस्लामपुरात एकाच कुटुंबातल्या चौघांना लागण झाल्याची बातमी आली आणि आठवड्याभरात हा आकडा वीसच्या पुढे गेला. परगावच्या, परदेशातल्या वाटणाऱ्या रोगाचे अंतर एकदम वीस-पंचवीस मिनिटांच्या रस्त्याएवढे झाले. मंगळवारी दुपारी गावाच्या तिन्ही वाटांवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेस पडले, एका वाटेवर जुनी बैलगाडी आडवी लावली गेली, आणि त्याच रात्री आठ वाजता मी थारोळ्यावर, म्हणजे विहिरीचे पाणी पडते त्या दगडी कुंडीवर, बसून मोबाईलवर पंतप्रधानांचे भाषण ऐकले. मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळा देश बंद. घराच्या दारात लक्ष्मणरेषा आखली गेली आहे असे ते म्हणाले. हातात चार तास होते. माझ्या पाठीमागे तंबू होता आणि त्याला उंबरा नव्हता, चेन होती. अर्धा कोस पलीकडे गावातले दिवे दिसत होते, आणि गावाने आपली रेषा देशाच्या आधी काही तास, काट्यांनी, स्वतःच आखून घेतलेली होती.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. आमच्याकडे गुढी माळवदाच्या कोपऱ्याला बांधतात. मळ्यातून तात्यांच्या घराचा तो कोपरा दिसतो. सकाळी सातला गुढी उभी राहिली, साखरेची माळ उन्हात चमकली, आणि थोड्या वेळाने चुलतभाऊ बांधावरून येऊन थारोळ्यावर डबा ठेवून दहा हात मागे सरला. पुढचे दोन आठवडे हाच रिवाज राहिला. तो डबा ठेवणार, मी कालचा धुतलेला डबा दगडावर ठेवणार, मग दोघेही आपापल्या जागी उभे राहून ऊस, पाणी, दुधाचा दर आणि इस्लामपूरचा आकडा या चार गोष्टींवर बोलणार. लहानपणी एका ताटात जेवलेलो आम्ही दोघे. पहिल्या तीन-चार दिवसांत त्या दहा हातांची खंत वाटली. नंतर लक्षात आले की इतके निवांत आम्ही कैक वर्षांत बोललोच नव्हतो.

दिवसांना हळूहळू एक घडी बसली. शेतीपंपाला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास यायची, आणि मोटारीच्या पेटीशेजारच्या बोर्डावरच माझा मोबाईल चार्ज व्हायचा, म्हणून माझेही वेळापत्रक उसाच्या पाण्यासारखे झाले. रात्रीची पाळी असली की भावाऐवजी मीच दारे धरायचो. अडीच वाजता सरीतून पाणी पुढे सरकताना त्याचा बारीक कुजबुजल्यासारखा आवाज येतो, पुढे गेलेले पाणी वाळक्या पाचटाखाली शिरले की तो बदलतो, आणि सरी भरली हे डोळ्यांच्या आधी कानाला कळते. तंबूत राहायची सवय मला वीस वर्षांची आहे. परंतु गडावरचा मुक्काम दोन रात्रींचा असतो, त्याच्या मागे पुण्यातली खोली, नळ आणि पंखा उभा असतो. तो आधार काढून घेतल्यावर तंबू काय असतो, हे मला एप्रिलमधल्या एका दुपारी कळले, जेव्हा आतली हवा इतकी तापली की मी पाण्याची घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरलो आणि सावलीत तिसऱ्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.

'घरी राहा' हे दोन शब्द त्या काळात फोन लावला तरी कानावर पडत. त्यांतल्या 'घर' या शब्दात किती गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या, त्यांची मी मळ्यात बसून मोजदाद केली. वेगळी खोली, वेगळा संडास, आत येणारे पाणी, महिन्याचे धान्य आणि महिनाभर कामाविना भागेल एवढी शिल्लक. तात्यांच्या घरात दोन खोल्या आणि सोपा यांत सात माणसे राहतात, आणि परसातला एक संडास दोन भावांच्या कुटुंबांत आहे. शहरातून आलेल्याला चौदा दिवस वेगळे ठेवायचे तर अशा घरात ते शक्य नाही, शक्य आहे ते मळ्यात. हे गावाला कोणत्याही परिपत्रकावाचून, शनिवारी संध्याकाळी पारावर बसल्या बसल्या कळले होते, आणि त्या शहाणपणाबद्दल मला गावाविषयी आदर वाटतो.

हे शहाणपण कुठून आले, ते मला मोठ्या आईने सांगितले. ती माझ्या आजीची धाकटी जाऊ, नव्वदीला टेकलेली. पंधरावा दिवस उलटल्यावर काठी टेकत मळ्यात आली, तंबूकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "गाठीच्या तापात समदं गाव असंच रानात येऊन पडलं हुतं. उंदीर मराया लागलं की गाव उठायचं. माझी सासू सांगायची." आमच्या ओढ्याकडच्या तुकड्याला खोपटाचे रान म्हणतात. त्या नावाचा अर्थ विचारावा असे इतक्या वर्षांत मला कधी सुचले नव्हते. प्लेगात तिथे आमच्या भावकीची खोपटी होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तिथून तो पुण्यात आणि पुढे गावोगाव पसरला. त्याला आवरण्यासाठी इंग्रज सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला, जेमतेम चार कलमांचा, आणि मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने हात घातला तो त्याच कायद्याला. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता, आणि आदेश मोडणाऱ्यासाठी दंडसंहितेचे १८८ वे कलम. पुण्यात त्या कायद्याखाली घराघरांत शिरून झालेली झडती आणि २२ जून १८९७ ला रँडवर झाडलेली गोळी हे आपण शाळेत शिकतो. त्याच साली, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याचा दवाखाना शहराबाहेर, हडपसरजवळ ससाणे मळ्यात, मोकळ्या माळावर होता. त्या काळी बरे होण्यासाठी माणसे बाहेर येत होती. उंदीर आणि पिसवा घरात असल्याने घर सोडणे हाच उपाय होता, आणि म्हणून सगळे गाव रानात एकमेकांशेजारी राहिले, वेस ओस पडली. या वेळी रोग माणसाच्या श्वासात होता, म्हणून आत राहणे हा उपाय ठरला. वैद्यकाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण उपाय 'आत' असला की आत कोण आणि बाहेर कोण हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि गावातले, जिल्ह्यातले, देशातले त्या दिवसांतले सगळे राजकारण मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसले.

माझ्या तंबूपासून दोनशे पावलांवर, रस्त्याकडेच्या पड रानात, ऊसतोडणीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे चटयांच्या झोपड्या, होत्या. दहा कोयते, म्हणजे दहा जोडपी, सगळी बीड जिल्ह्यातली, दिवाळीनंतर आलेली. साखर कारखाने अत्यावश्यक म्हणून चालू राहिले होते, त्यामुळे २५ मार्चलाही त्यांच्या चुली पहाटे चारला पेटल्या आणि उजाडायच्या आत माणसे फडात उतरली. देशाला घरी राहायला सांगितले होते त्या सकाळी मी त्यांना डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना पाहिले. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असल्यामुळे फड टाकून जाता येत नव्हते, आणि निघावे तर एसटी बंद होती. गावातल्या नळावर आणि दुकानात टोळीने यायचे नाही असे गावाच्या दक्षता समितीने ठरवल्यावर तात्यांनी त्यांना आमच्या विहिरीची पाइपलाइन मोकळी करून दिली. त्यामुळे पाण्याला आम्ही एकाच ठिकाणी यायचो, लांब उभे राहून.

त्यांतली एक बाई माझ्या आईच्या वयाची असेल. पहिले काही दिवस ती नुसती बघायची. मग एकदा घागर भरता भरता म्हणाली, "भाऊ, तुमच्या कोपीला मेढी न्हाईत का? उभी कशी ऱ्हाती?" मी तिला आतल्या वाकणाऱ्या काड्या दाखवल्या, वरचे दुहेरी कापड दाखवले. तिने बोटांनी कापड चोळून पाहिले, चेन एकदा उघडली, एकदा लावली. केवढ्याला मिळते असे तिने विचारले तेव्हा मी खरी किंमत सांगू शकलो नाही, निम्मी सांगितली. ती म्हणाली की कारखाना बांबू आणि चटया देतो, वर आपला कागद टाकायचा. पाऊस वरून थोपतो, खालून येतोच. माझ्याजवळ खालून पाणी येऊ नये म्हणून शिवलेला तळ होता. वीस वर्षे मी ज्याला मुक्काम म्हणतो, ते ही माणसे वर्षातले पाच-सहा महिने करतात, आणि त्यांच्या भाषेत त्याला नाव नाही, कारण तो त्यांचा संसार आहे. हे मला आधी माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. उसाच्या गावात वाढलेल्या माणसाने दर हंगामाला कोप्या पाहिलेल्या असतात. दोनशे पावलांवर तंबू ठोकून राहीपर्यंत मी त्यांच्याकडे शेजार म्हणून पाहिले नव्हते, आणि त्याची मला लाज वाटते.

५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. मी बांधावर उभा होतो. गाव एका क्षणात काळे झाले, मग माळवदांवर बारीक बारीक ठिणग्यांसारखे दिवे उमटले, कुठेतरी फटाकेही वाजले. तो देखावा सुंदर होता आणि माझ्या गळ्याशी आवंढा आला, हे मी नाकारत नाही. घाबरलेल्या माणसांना आपण एकटे नाही असे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे. मग मी मागे वळून पाहिले. कोप्यांकडे मालवायला दिवा नव्हता. तिथे वीजच नव्हती, नऊ-दहा चुली होत्या, आणि कारखान्यावर गाडी खाली करून माणसे नुकतीच परत आली असल्याने भाकऱ्या थापण्याचे काम चालू होते. एका पोराने गावाकडे बोट दाखवून विचारले, "लाईट गेली का?" त्याच्या आईने मान वर न करता "आली बघ," म्हटले, कारण तेवढ्यात नऊ मिनिटे संपली होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शिवारातला ऊस संपला. कोयते बांधून पडले आणि टोळीला काम राहिले नाही, घरी जायची परवानगीही नव्हती. शिधापत्रिका गावाकडे, म्हाताऱ्या आई-बापांजवळ. बहुतेक मुलेही त्यांच्याजवळच ठेवलेली. केंद्राने माणशी पाच किलो मोफत तांदूळ जाहीर केला होता, पण ते धान्य जिथे कार्ड होते तिथे, आणि कार्ड होते तिथे ही माणसे नव्हती. टोळी आणणाऱ्या मुकादमाने एकदा किराणा आणून दिला, तात्यांनी ज्वारीचे पोते उघडले. १७ एप्रिलला राज्य सरकारने ऊसतोड मजुरांना तपासणी करून घरी सोडायचा आदेश काढला. असे लाखाहून अधिक मजूर राज्यभर अडकलेले होते. आमची टोळी तीन दिवसांनी निघाली. जाताना त्या बाईने विहिरीच्या पाइपाला बांधलेली आपली दोरी सोडून घेतली आणि नंबर दिला. मेमध्ये फोन केला तेव्हा कळले की त्यांच्या गावानेही त्यांना आत घेतले नव्हते. माळावर कागद ताणून त्यांचे दिवस चालले होते, मुले लांबून येऊन बघून जात होती.

आता समितीविषयी. गावाच्या दक्षता समितीत सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई आणि चार-सहा वजनदार माणसे होती. मला या समितीबद्दल दोन्ही बाजूंनी बोलले पाहिजे. मुंबईत आणि दिल्लीत काय ठरते ते आम्हांला रात्री मोबाईलवर कळे. गावात काय ठरते ते मात्र कोणाच्या तरी दारात जाऊन विचारता येत असे, भांडता येत असे, आणि ते भांडण ऐकून निर्णय बदललेला मी दोनदा पाहिला. दुधाचा खप पडून दर कोसळला आणि सरकारने रोज १० लाख लिटर जादा दूध भुकटीसाठी घ्यायचे ठरवले, तोवर डेअरीवर गर्दी न करता संकलन कसे चालवायचे हे समितीने एका सकाळी चुन्याचे चौकोन आखून सोडवले होते. आशाताई महिन्याला हजार रुपये वाढीव भत्त्यावर रोज दारोदार फिरत होती. तिच्या चपलेचा अंगठा मेअखेर सुतळीने बांधलेला होता.

आणि तरीही नळावर टोळीने यायचे नाही हे ठरवणारी समितीही तीच होती. तो निर्णय कोणी लिहून ठेवला नाही, त्याला कायद्याचा आधार नव्हता, आणि तो घेताना टोळीतल्या किंवा खालच्या वस्तीतल्या एकालाही बोलावलेले नव्हते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. पण पारावर अंतर ठेवून शंभर माणसे बसू शकतील एवढी जागा असताना त्या सगळ्या महिन्यांत आमच्याकडे सभा झाली नाही, आणि ती घ्यावी असे कोणी म्हटलेही नाही. मीही म्हटले नाही.

मे महिन्यात परवानगीचे पास काढून मुंबईकर येऊ लागले तेव्हा हा प्रश्न घरात शिरला. आमच्या भागातली कैक घरे मुंबईच्या माथाडी कामावर उभी राहिली आहेत. मारुतीच्या देवळाचा कळस त्यांच्याच वर्गणीचा. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचे ठरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा नदीकाठच्या गल्लीतली माणसे याच वर्गांत राहिली होती आणि मुंबईकरांनी टेम्पो भरून चादरी, धान्य पाठवले होते. आता त्याच वर्गाच्या खिडकीतून एक माथाडी कामगार माझ्या भावाला सांगत होता की त्याच्या बहिणीने डबा द्यायला नवऱ्याला पाठवले, स्वतः आली नाही. तो रडत नव्हता, नुसते सांगत होता. बहिणीच्या घरात तीन महिन्यांचे मूल होते. दोघांपैकी कोणाला दोष द्यावा ते मला त्या वेळी कळले नाही आणि आजही कळत नाही. भीती खरी होती. एवढेच वाटते की ती भीती सगळ्यांनी मिळून उघड्यावर बोलून दाखवली असती, तर तिची वाटणी थोडी बरी झाली असती. पुढे मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर प्रशासक आले, आमच्याही. मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२१ ला, राज्यातल्या बारा हजारांवर ग्रामपंचायतींत एकाच दिवशी. प्रचारात रस्ते होते, गटारे होती, पाणंद होती. शाळेतले ते चौदा दिवस आणि नळाचा तो निर्णय कोणाच्याच तोंडी नव्हता.

३ जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले. आमच्याकडे त्याचा नुसता शेव आला, पण रात्रभर आंबा करकरत राहिला आणि पहाटे तात्या स्वतः कंदील घेऊन बांधावर येऊन उभे राहिले. "बास झालं आता. घरात चल." मी भिजलेला तंबू गुंडाळला. खालचे गवत पिवळे पडून जमिनीला चिकटले होते, बरोबर दोन माणसांच्या मापाचे.

आठवड्याने वाफसा आल्यावर भाऊ पड रानात रोटर मारायला निघाला. कोप्यांच्या जागी चुलींचे दगड तसेच होते, तीन-तीनचे दहा गट, काळे झालेले. दगड फाळात अडकतील म्हणून आम्ही ते उचलायला लागलो. मी ओढ्यात टाकायला निघालो तेव्हा तात्यांनी लांबून हाक मारली, बांधावर ठेवा म्हणाले, दिवाळीनंतर टोळी आली की लागतील. आम्ही ते तीसही दगड विहिरीकडच्या बांधावर नेऊन ओळीने लावले.